ड्रेपरीकाकू

रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसानं घरातल्या पडद्यांवर फार जीव लावू नये. त्यातून पडदा मखमली असेल, मरून रंगाचा असेल आणि पन्ना मोठा असेल, तर तो आपल्या खिडकीवर चार दिवसांसाठी आलाय असंच समजावं. गणपतीच्या तोंडावर कधीतरी ड्रेपरीकाकू येतात, चहा घेतात, बोलता बोलता पडद्याचं टोक दोन बोटांत धरून चुरतात आणि विचारतात, "तुम्हाला इथं उजेड कमी नाही पडत?" या प्रश्नानंतर पडद्याचे दिवस भरले. अनंत चतुर्दशीच्या आत तो अफजलखानाच्या अंगावर दिसतो आणि समोर बसून तुम्हीच टाळ्या वाजवता.

काकूंना नाव आहे, आडनाव आहे, आधार कार्डही आहे. पण मंडळाच्या लेखी त्या ड्रेपरीकाकू. आमचं मंडळ म्हणजे चौबे कॉलनीतलं ते मोठं महाराष्ट्र मंडळ नव्हे. आमचं गल्लीतलं, गणपतीपुरतं जागं होणारं आणि कोजागिरीला पुन्हा झोपणारं. तरी ड्रेपरीकाकूंवाचून ते एक अंकसुद्धा उभा करू शकत नाही. अशी एक बाई, क्वचित बुवा, प्रत्येक हौशी नाटकमंडळीत असतेच. इंदूरला आहे, जबलपूरला आहे, भिलाईत तर दोघी आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

या जातीची पहिली खूण म्हणजे नजर. काकू समोरच्या माणसाचा चेहरा सर्वात शेवटी पाहतात. आधी खांदे, मग छाती, मग कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची. चेहऱ्यापर्यंत पोचेतो माणूस बोलून संपलेला असतो. लग्नात बाकीच्या बायका नवरीचा शालू पाहून "किती गोड दिसतेय" म्हणतात. काकू म्हणतात, "काठ स्वतंत्र लावलाय. उसवला तर अख्खा निघेल." टायफॉईडमधून उठलेल्या शेजाऱ्याला त्या भेटायला गेल्या आणि मनापासून म्हणाल्या, "बारीक झालात हो. देवाची कृपा, आता तुम्हाला बाजीरावाचा अंगरखा बसेल." कुणाचा मृत्यू झाला तर तेराव्यापर्यंत त्या थांबतात, एवढं भान त्यांना आहे. चौदाव्या दिवशी मात्र गेलेल्याच्या काळ्या कोटाची चौकशी होते.

पुण्या-मुंबईत अशा काकू फारशा फोफावत नाहीत. तिथं फोन केला की ड्रेपरीवाला पेटारा घेऊन हजर. रायपूरला तसा पेटारा नागपुराहून आणायचा, म्हणजे तीनशे किलोमीटरचा रेल्वेप्रवास. भाडं, डिपॉझिट, आणणाऱ्याचं तिकीट आणि त्याचं सावजी जेवण. एकेकाळी हे सोपं होतं. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला नागपूर तिकडं गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2000 साली पुन्हा 1 नोव्हेंबरलाच छत्तीसगड झालं. भारताच्या या सगळ्या राजकीय घडामोडींचा काकूंच्या मते एकच परिणाम झाला: पगडी घरी करावी लागते.

शहरात पोशाख भाड्यानं देणारी दुकानं आहेत, पण ती शाळांच्या स्नेहसंमेलनांवर चालतात. राम, रावण, भारतमाता, परी, टोमॅटो आणि वांगं हा त्यांचा मुख्य साठा. पेशव्याची पगडी मागितली की दुकानदार राजस्थानी साफा काढून देतो आणि म्हणतो, "राजा तो राजा होता है, आंटीजी." काकू तिथंच काउंटरला टेकून उभ्या राहतात. "पेशवा राजा नहीं होता, प्रधान होता है. राजा सातारा में रहता है." मागची गिऱ्हाइकं खोळंबतात, पण मराठेशाहीची कारभारव्यवस्था पूर्ण समजावल्याशिवाय काकू हलत नाहीत. हा इतिहास त्यांना घरचा वाटतो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1741 साली भास्करपंतांबरोबर या मुलखात आल्या, पुढं 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला बसून कारभार पाहू लागले. तात्यापाऱ्यातलं प्रत्येक घराणं आपला मूळपुरुष त्या फौजेबरोबर आल्याचं सांगतं. सगळे खरं बोलत असतील तर त्या फौजेत सैनिकांपेक्षा कारकून जास्त असणार.

काकूंची पगडी पुठ्ठा, बुकरम आणि तांदळाची खळ यांवर उभी असते. माप सैल झालं की आतून वर्तमानपत्राची घडी. आमच्या नाना फडणवीसांच्या पगडीत 'देशबंधू'ची पुरवणी होती. भाद्रपदातला रायपूरचा उकाडा आणि वर हजार वॉटचे दिवे. दुसऱ्या अंकात नानांनी पगडी काढून कपाळ पुसलं तेव्हा कपाळावर धानाचे भाव उलट्या अक्षरांत उमटले होते. पहिल्या रांगेतल्या एका व्यापाऱ्यानं ते वाचायचा प्रयत्नही केला.

घर म्हणजे कारखाना. दिवाणखान्यात पायमशीन, त्यावर टेपचं वेटोळं, खाली चिंध्यांचा डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी काका. काका वीज खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना वेगवेगळी बटणं आहेत, कारण सारखी बटणं एका जहागीरदाराकडं गेली. पायजम्याच्या नाड्या हंगामात कधी असतात, कधी नसतात. एकदा पाहुण्यांसमोर काका बराच वेळ उठेनात तेव्हा काकूंनी आतून ओरडून सांगितलं, "बसा हो तसेच! नाडी सुरवारीच्या नेफ्यात घातलीय, प्रयोग झाला की देते." काकांनी आयुष्यात एकदाच तक्रार केली. त्या वर्षी त्यांना नाटकात प्रेताचं काम मिळालं आणि अंगावर त्यांचंच धोतर होतं.

खरेदीला काकू पंडरीच्या कापड बाजारात जातात. तिथले जुने दुकानदार त्यांना ओळखतात आणि त्या दिसल्या की तागे मागं सरकवतात, कारण त्या कापड नुसतं पाहत नाहीत. काठाचा एक धागा उपसतात आणि दुकानाबाहेर जाऊन काडी लावतात. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. मग आत येऊन कोसा म्हणून दाखवलेल्या थानाकडं बोट करून त्या फक्त "मणी" एवढंच म्हणतात. पुढचा भाव दुकानदार स्वतःच खाली आणतो.

अस्सल कोसा हा काकूंचा हळवा कोपरा. चांपा-जांजगीरकडचं हे टसर. त्याचा मधासारखा रंग निसर्गाचाच, आणि पिवळ्या दिव्यात तो असा उजळतो की जरीला लाजवेल. म्हणून आमच्या रंगमंचावर पेशवीण पैठणी नेसत नाही, कोसा नेसते. आक्षेप घेणाऱ्याला त्या सांगतात, "पैठणी पैठणला. इथं रायपूर आहे. आनंदीबाई इथं आल्या असत्या तर त्यांनी हेच घेतलं असतं, आणि घासाघीस करून घेतलं असतं."

टिकल्या, गोटा, खोटे मणी आणि रुपयामाळा यांसाठी गोल बाजार. आणि कवड्यांसाठी थेट राऊतनाच. दिवाळीनंतर राऊतांच्या टोळ्या दारोदार येतात: कवड्यांनी मढवलेली जाकिटं, डोक्यावर मोरपिसं, पायात घुंगरू, हातात लाठी. गडवा बाजा वाजतो, दोहा म्हटला जातो, नाच रंगतो. एका वर्षी ऐन रंगात काकू अंगणात उतरल्या, एका तरण्या नाचऱ्याची बाही धरून त्याला थांबवलं आणि म्हणाल्या, "जरा उलटा करके दिखाओ." बाजा बंद पडला. त्याला वाटलं, काहीतरी चुकलं. काकूंनी जाकीट उलटं करून अस्तर पाहिलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. प्रत्येक कवडीला वेगळी गाठ होती. एक तुटली तरी शेजारची जागची हलणार नाही. "किसने सिया?" "घरवाली ह बनाए हे, दाई." काकूंनी त्याला ओवाळणी दिलीच, वर घरवालीसाठी सुयांचं एक पाकीट दिलं. पुढच्या गोंधळात आमच्या भुत्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ पहिल्यांदा शेवटपर्यंत टिकली. त्याआधी दर प्रयोगात कवड्या प्रेक्षकांत जायच्या आणि मुलं त्या गोळा करायला रंगमंचावर यायची.

काकू नाटक वाचतात ते अगदी शेवटच्या पानापर्यंत, पण त्यांना त्यात दिसतं ते वेगळंच. 1882 चं 'संगीत सौभद्र' त्यांच्या मते अर्जुनानं यतीचे कपडे घालायचं आणि काढायचं नाटक; गाणी मध्ये वेळ मिळावा म्हणून घातली आहेत. 'घाशीराम कोतवाल' म्हणजे उपरणी, पगड्या आणि एका मापाचे कधीच न मिळणारे ब्राह्मण. वाचनाच्या दिवशी दिग्दर्शक म्हणतो, "या प्रवेशानंतर मला एक जीवघेणी शांतता हवीय." काकू वहीतून मान न काढता विचारतात, "किती वेळ?" "क्षणभर." "क्षणात लुगडं बदलत नाही. तीन मिनिटं द्या." मग दिग्दर्शक तिथं निमूटपणे सूत्रधाराला उभा करतो, तो प्रेक्षकांशी चार शब्द बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला प्रायोगिक म्हणतं.

झटपट बदलासाठी एका नव्या कार्यकर्त्यानं वेल्क्रो सुचवलं होतं. काकूंनी विरोध केला, पण कार्यकारिणीत बहुमत आधुनिकांचं निघालं. प्रयोगात नायकानं आईच्या प्रेतावर झोकून देऊन ऊर बडवला आणि त्या नीरव थिएटरात त्याच्या छातीवर मोठ्यानं चर्रर्र झालं. प्रेक्षक हसले. प्रेताच्या भूमिकेत काका होते, तेही हसले. तेव्हापासून मंडळात वेल्क्रोचा विषय निघत नाही. टिचबटण, हुक आणि कच्चा दोरा, एवढ्यावर आमची रंगभूमी उभी आहे.

इतपत वाचून काकू म्हणजे नुसता गंमतीचा विषय वाटेल. पण कापडाच्या बाबतीत त्या जे बोलतात ते ऐकून आमच्यातले जाणते नट वही काढतात. पांढरं कापड त्या कधीच पांढरं ठेवत नाहीत, चहाच्या पाण्यातून काढतात. नाहीतर दिव्याखाली ते डोळ्यांत खुपतं आणि नटाचा चेहरा काळा पडतो. राजाचा पोशाख त्यांना सोपा वाटतो. "राजा कुणी पाहिलाय? पाचव्या रांगेपासून गोटासुद्धा सोनं दिसतो. गरिबाचा सदरा अवघड. तो सगळ्यांनी पाहिलेला असतो." म्हणून नव्या कापडाला त्या जुनं करतात. काताच्या पाण्यात बुडवायचं, पिळून तसंच वाळवायचं, कोपरावर वीट घासायची, खिशात दगड भरून चार दिवस टांगून ठेवायचं म्हणजे खिसा ओघळतो. 'नटसम्राट' केलं तेव्हा दिग्दर्शकानं एक कोट मागितला, काकूंनी तीन शिवले, एकाच ताग्यातले. पहिला नवा, दुसरा कॉलरशी झिजलेला, तिसऱ्याचं अस्तर खाली लोंबणारं. "नट किती वाईट करेल याची खात्री नसते," त्या म्हणाल्या. "कोट तरी नीट खचला पाहिजे." त्या प्रयोगात बेलवलकर दोनदा वाक्यं विसरले, पण लोक रडले.

काकूंच्या देवघरात गणपतीशेजारी भानू अथय्यांचा फोटो आहे. कोल्हापूरच्या भानुताईंना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ते त्यांना जॉन मोलो या साहेबाबरोबर विभागून मिळालं होतं, ही गोष्ट काकू सांगत नाहीत. त्यांचा मुद्दा निराळा. "राजेरजवाड्यांचे सिनेमे इतके झाले, कुणाला मिळालं का? पंचाला मिळालं! एक पंचा नीट नेसवला की जग नमस्कार करतं." भानुताईंनी 2012 मध्ये ते ऑस्कर सांभाळण्यासाठी अकादमीला परत पाठवलं, तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. काकूंना वाटली नाही. वापरून झालेली वस्तू वेळेवर परत करणारं माणूस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. मंडळाचे दोन कमरबंद आणि एक भरजरी शेला अजून कुणाकडं आहेत, ते त्यांच्या वहीत नावानिशी लिहिलेलं आहे.

बालगंधर्वांबद्दल त्यांचं मत जरा हिशेबी. अस्सल जर, अस्सल शालू, आणि शेवटी अस्सल कर्ज. "गोटा वापरला असता तर कंपनी वाचली असती," असं त्या म्हणतात, पण हात जोडून म्हणतात. हबीब तन्वीर मात्र इथलेच, 1923 चा जन्म रायपूरचा. त्यांचं 1975 चं 'चरणदास चोर' पाहून आल्यावर काकू रागावल्या होत्या. धोतर, बंडी, लुगडं. सगळं गावात दिसतं तसंच. वेशभूषेला काम म्हणून ठेवलं नव्हतं! रात्री त्यांना झोप येईना. पहाटे त्यांनी काकांना उठवून सांगितलं, "अहो, ते कपडे घातलेत असं एकदाही वाटलं नाही. हेच तर काम!" काका बरं म्हणून पुन्हा झोपले. 1982 मध्ये त्याच नाटकानं एडिंबरामध्ये फ्रिंज फर्स्ट पारितोषिक मिळवलं. काकू म्हणतात, त्यांचा निर्णय परीक्षकांच्या आधीचा होता.

आता मुख्य दुखणं. आमच्या मंडळातल्या पोरांचं मराठी पातळ होत चाललंय. "काकू, हे फिटिंग सही नाही बसून राहिलं," असं जिजाऊ तालमीत म्हणते आणि तानाजी विचारतो, "गड मतलब फोर्ट ना?" त्यावर मंडळात दरवर्षी चिंता होते, चर्चा होते, चर्चेनंतर समोसे येतात. काकूंना पोरांच्या हिंदीचं काहीच वाटत नाही. संवाद पाठ करता येतात, असं त्यांचं म्हणणं. पण नऊवारीचा ओचा सैल राहिला किंवा कासोटा वाकडा खोचला की त्या टाचण्या तोंडात धरून कडाडतात. "भाषा ढिली चालेल, काष्टा ढिला चालणार नाही!" त्यामुळं झालंय असं की आमच्या गल्लीतल्या मुलींना 'ळ' म्हणता येत नाही, पण अंधारात, विंगेत, नऊ वारांचं लुगडं न लटपटता नेसता येतं. मध्यंतरी शिवलेल्या तयार नऊवाऱ्या ऑनलाइन येऊ लागल्या, पाय घातला की झालं. एकीनं ती तालमीला आणली. काकूंनी शांतपणे ती उलटी केली, टीप पाहिली आणि म्हणाल्या, "ही सलवार आहे. हिला पदराचा भास झालाय."

वारस मिळण्याची आशा त्यांनी सोडली होती. मग एक मुलगा आला. चांपाकडच्या देवांगण घरातला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसणाऱ्यांतला. शिकायला रायपूरला राहिलेला. मित्राबरोबर तालीम पाहायला म्हणून आला आणि पेशवीणबाईंच्या लुगड्याचं टोक दोन बोटांत धरून चुरलं. "आंटीजी, ताना असली है. बाना में मिलावट है." काकूंनी चष्मा काढला. हे वाक्य आजवर त्या दुसऱ्यांना ऐकवत आल्या होत्या. त्या आठवड्यात त्यांनी त्याला काष्टा शिकवला. तिसऱ्या दिवशी तो सहा फुटी तानाजीला धोतर नेसवत होता आणि तानाजी हलला तर त्याच्या पोटरीवर चापट मारत होता.

काकूंनी त्याचा सभासदत्वाचा अर्ज कार्यकारिणीपुढं ठेवला. अर्जात 'मातृभाषा' असा रकाना आहे. तिथं मुलानं प्रामाणिकपणे 'छत्तीसगढी' लिहिलं होतं. चिटणीस घसा साफ करून म्हणाले, "काकू, आपलं मंडळ मराठी भाषकांचं. याला मराठी येत नाही."

"तुमच्या नातवाला येतं?"

"तो शिकतोय."

"हाही शिकतोय. दोघांपुढं एकेक धोतर टाका. जो आधी नेसेल त्याची मातृभाषा मराठी."

नियम, घटना, पोटनियम यांवर तासभर खल झाला. अध्यक्ष म्हणाले, अपवाद केला तर पायंडा पडेल. काकूंनी मग पिशवीतून ती वही काढली. तिच्यात कमरबंद आणि शेल्याशिवाय आणखीही बरंच होतं: सुया, रिळं, बुकरम, अस्तर, टिचबटणं, इस्त्रीचे कोळसे, काकांच्या नाड्या, मंडळानं आजवर न दिलेला प्रत्येक पैसा, वर्षवार, खाली बेरीज मारून. वही त्यांनी खजिनदारांच्या पुढ्यात उघडी ठेवली आणि सभा चालू द्यायला सांगितलं.

खजिनदारांनी बेरीज दोनदा तपासली. दोन्हीदा ती बरोबर निघाली. मुलाच्या सभासदत्वाचा ठराव त्यांनीच मांडला, चिटणिसांनी अनुमोदन दिलं आणि तो एकमतानं मंजूर झाला. आयत्या वेळच्या विषयांत अध्यक्षांनी आपल्या दिवाणखान्यातले दोन्ही पडदे मंडळाला भेट दिल्याचं जाहीर केलं.